पदवीवाचून परदेशी इंग्रजीचे अध्यापन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी व्यासपीठावर एखादा डॉक्टर, इंजिनिअर किंवा प्राध्यापक बोलवावा, हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी तो मोडून एका मॅट्रिक शिक्षकास उभे केले. आमच्या नावापुढे पदवी नाही. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि प्राथमिक शाळेत उभी हयात काढून निवृत्त झालो. तेव्हा ‘पदवीवाचून परदेशी इंग्रजी शिकविणे’ या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार फार तर अर्धा आहे. पदवीवाचून इंग्रजी शिकविले, हे खरे. परदेशी मात्र आम्ही कधी गेलो नाही. उरलेला अर्धा अधिकार आम्हांस एका चुकीने मिळवून दिला. ती चूक प्रथम आपल्यापुढे मांडतो.

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुटीत ज्ञातीतील एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आमच्या घरी आले. मुलगा बारावी झालेला, इंग्रजी बरे, परंतु घरच्या अडचणीमुळे कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलेले. कोणा एजंटाने त्यांस सांगितले होते की, जपानात इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळवून देतो. पदवी नसली तरी चालेल, तीन वर्षे इंग्रजी शिकविल्याचे पत्र तेवढे आणा. आम्ही घरी गावातील मुलांसाठी सायंवर्ग चालवितो. त्या वर्गात या मुलाने तीन वर्षे आमच्या हाताखाली इंग्रजी शिकविले, असे चार ओळींचे पत्र आम्ही द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. मुलाने आमच्या वर्गात तीन दिवससुद्धा शिकविलेले नव्हते.

आम्ही नाही म्हटले. नुसते नाही म्हणून थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु मास्तरकीची सवय वाईट. मुलासमोर त्याच्या वडिलांस आम्ही खरेपणावर एक पाठच दिला. ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही स्वतः मॅट्रिक. पदवी नसताना तुम्हांला सरकारने शाळेत घेतले, पेन्शन दिले. मग माझ्या मुलाच्याच वाटेत का आडवे येता?” समोर ठेवलेला चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्यांचे आमच्याकडे येणे-जाणे थांबले.

खोटे पत्र दिले नाही, याचा आम्हांस आजही खेद नाही. खेद वेगळ्याच गोष्टीचा आहे. तो मुलगा दाराबाहेर पडला तेव्हा त्याच्यासाठी खरा मार्ग कोणता, हे आम्हांस सांगता आले नाही. कारण तो आम्हांसच ठाऊक नव्हता. नाही म्हणणे सोपे असते. नाही म्हटल्यावर दुसरे दार दाखविणे हे शिक्षकाचे काम, आणि तेच आमच्याकडून राहिले. पुढे पुतणीस बरोबर घेऊन आम्ही निरनिराळ्या देशांचे नियम वाचले आणि जाणत्यांस विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. पदवी नसलेल्या माणसाने परदेशात इंग्रजी शिकवावे, ही कल्पना आजची नव्हे. ज्या जपानचे नाव त्या एजंटाने घेतले त्याच जपानात तिचा उगम फार जुना आहे. १८४८ साली रॅनल्ड मॅक्डॉनल्ड नावाचा एक तरुण देवमासे पकडणाऱ्या अमेरिकन जहाजावरून मुद्दाम लहान होडीत उतरला आणि जपानच्या उत्तरेकडील एका बेटावर जाऊन पोचला. त्याचा बाप हडसन बे कंपनीचा अधिकारी आणि आई अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी चिनूक जमातीची. शिक्षण बेताचे, काही काळ पेढीत उमेदवारी केलेली. त्या काळी जपानात परक्यांस शिरण्याची मनाई होती. नागासाकी बंदरात डच आणि चिनी व्यापाऱ्यांस तेवढी मोकळीक असे. मॅक्डॉनल्ड साहजिकच पकडला गेला आणि नागासाकीस नजरकैदेत पडला. तेथील सरकारी दुभाष्यांस डच भाषा येत होती, पण समुद्रात इंग्रजी बोलणाऱ्यांची जहाजे वाढू लागली होती. तेव्हा चौदा दुभाषे या कैद्यापाशी इंग्रजी शिकू लागले. ते पुस्तकातून मोठ्याने वाचीत आणि तो गजांआडून त्यांचे उच्चार सुधारी. १८४९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन युद्धनौकेने त्यास सोडवून नेले. त्याच्या शिष्यांपैकी मोरियामा एइनोसुके यांनी पुढे १८५४ साली कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत प्रमुख दुभाष्याचे काम केले. एका राष्ट्राचे दार उघडण्याच्या प्रसंगी कामास आलेले इंग्रजी असे एका पदवीहीन कैद्याच्या कोठडीत घडले होते.

यानंतर पाव शतकाने, १८७३ साली, बेसिल हॉल चेंबरलेन हे इंग्रज गृहस्थ जपानात आले. ऑक्सफर्डला जाण्याची इच्छा पुरी न होता लंडनच्या एका पेढीत कारकुनी त्यांच्या वाट्यास आली होती. त्यांनी टोकियोच्या आरमारी शाळेत इंग्रजी शिकविले आणि जपानी भाषेचा असा व्यासंग केला की, १८८६ साली टोकियोच्या विद्यापीठाने त्यांस जपानी भाषेचेच प्राध्यापक नेमले. त्यांच्या शिफारशीचा आधार मिळालेले लाफ्कादिओ हर्न हे तिसरे. आयरिश बाप, ग्रीक आई, लहानपणी एक डोळा गेलेला, आणि घरचा आधार तुटल्यामुळे सतराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटलेली. अमेरिकेत वर्तमानपत्रांतून लिहून ते पोट भरीत. १८९० साली मात्सुए या गावच्या शाळेत ते इंग्रजीचे शिक्षक झाले. तेथून कुमामोतो, आणि १८९६ पासून टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन. त्यांनी जपानी स्त्रीशी विवाह केला आणि कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन जपानी नागरिकत्व पत्करले. वर्गात ते सावकाश, सोप्या वाक्यांत बोलत, जेणेकरून मुलांस शब्दन् शब्द उतरून घेता यावा. १९०४ साली त्यांचे निधन झाले आणि पुढे विद्यार्थ्यांच्या त्या वह्यांवरून त्यांच्या व्याख्यानांचे ग्रंथ छापले गेले. ज्याच्यापाशी पदवी नव्हती त्याचे ग्रंथ त्याच्या शिष्यांच्या वह्यांतून निर्माण व्हावेत, याहून शिक्षकाचा मोठा गौरव आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे घ्यावे. त्यांचा विषय इंग्रजी नव्हे, पाली. शालेय शिक्षण जुजबी आणि पदवी कोणतीच नाही. परंतु विद्येच्या ध्यासाने घर सोडून ते सिंहलद्वीपापर्यंत गेले, तेथे पाली शिकले आणि १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस ग्रंथसंपादनाच्या कामास बोलाविले. पुढे १९२९ साली त्यांनी रशियात लेनिनग्राड येथे पालीचे अध्यापन केले.

ही उदाहरणे ऐकून कोणास वाटेल की, मग आमच्या मुलानेच काय पाप केले? त्या गृहस्थांचा प्रश्नही हाच होता. त्याचे उत्तर असे. मॅक्डॉनल्डपाशी पदवी नव्हती, तसा व्हिसाही नव्हता. म्हणूनच तो कोठडीत होता. आणि चेंबरलेन, हर्न यांच्या काळी शिक्षकाची निवड जवळचा माणूस ओळखीने व पारख करून करी. आज निवड होते ती दूर देशीच्या कचेरीतील खिडकीवर. त्या खिडकीमागील अधिकाऱ्यास तुमचा वर्ग पाहता येत नाही, कागद तेवढा पाहता येतो. हजारो अर्जांतून माणसे कमी करण्यास त्यास एक सोपे कुंपण हवे असते. ते कुंपण म्हणजे पदवी. पदवीवरून कोणास शिकविता येते किंवा येत नाही हे ठरत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. परंतु व्हिसाच्या खिडकीवर ज्ञानाचा वाद चालत नाही. ती जकातनाक्याची पावती आहे. नसेल तर गाडी अडते.

आता आजचे नियम काय आहेत ते थोडक्यात सांगतो. ते बदलत असतात, म्हणून जाणाऱ्याने त्या त्या देशाच्या वकिलातीकडून पुन्हा खात्री करून घ्यावी.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाच्या नेहमीच्या व्हिसास पदवी तर लागतेच, शिवाय अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सातच देशांचे नागरिकत्व चालते. भारत व कोरिया यांच्यामधील आर्थिक करार २०१० च्या आरंभी अमलात आला. त्याने भारतीयांसाठी साहाय्यक शिक्षकाची एक खिडकी उघडली; परंतु तेथेही पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही हवी. चीनमध्ये सामान्यतः पदवी, त्यावर दोन वर्षांचा अनुभव किंवा अध्यापनाचे प्रमाणपत्र, आणि इंग्रजी ही ज्या देशाची मातृभाषा तेथील नागरिकत्व, अशा अटी आहेत. थायलंडमध्ये शाळेत शिकविण्याच्या परवान्यास पदवी लागते. आखाती देशांतील शाळांचीही तीच कथा.

जपानात सरकारी योजनेतून साहाय्यक शिक्षक नेण्याची पद्धत १९८७ पासून चालू आहे; तीस पदवी आवश्यक आहे. परंतु खासगी भाषावर्गांत शिकविणाऱ्यास जो परवाना मिळतो त्याच्या नियमांत एक बारीक फट आहे. भाषाशिक्षण, भाषांतर, दुभाष्याचे काम अशा व्यवसायांस तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि पदवीधरास ही अनुभवाची अट माफ आहे, असा तो नियम आहे. म्हणजे पदवी नसलेल्यास तीन वर्षांच्या खऱ्या अनुभवावर अर्ज करता येतो. बंधुभगिनींनो, हे वाचले त्या दिवशी आम्ही खूप वेळ सुन्न बसून राहिलो. एजंटाने सांगितलेला नियम खरा होता. पत्र तेवढे खोटे मागितले जात होते! तीन वर्षांचे काम खरोखर करून मग जाण्याचा सरळ मार्ग त्या मुलास मोकळा होता आणि तो त्यास कोणीच सांगितला नव्हता. एजंटाने सांगितला नाही, कारण त्यास तीन वर्षे थांबावयाचे नव्हते. आम्ही सांगितला नाही, कारण आम्ही खरेपणावर भाषण देण्यात गुंतलो होतो.

कंबोडियासारखे काही थोडे देश आणि लॅटिन अमेरिकेतील काही खासगी संस्था पदवी नसलेल्या शिक्षकांस घेत आल्या आहेत. तथापि तेथेही कामाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, पगार बेताचा असतो आणि गोऱ्या चेहऱ्यास अग्रक्रम मिळतो. हे कटू आहे, पण मुलांपासून लपवून ठेवण्यात त्यांचे हित नाही. तात्पर्य, पदवीवाचून परदेशी इंग्रजी शिकविण्याची वाट बंद नाही, पण ती पाऊलवाट आहे. तिला जो हमरस्ता म्हणून विकतो त्याच्यापासून सावध राहावे.

या वाटेवर उपयोगी पडणारे एक साधन आहे, ते म्हणजे अध्यापनकौशल्याचे प्रमाणपत्र. केंब्रिज विद्यापीठाशी संलग्न असलेले ‘सेल्टा’ नावाचे प्रमाणपत्र जगभर मान्यता पावलेले आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचेही त्याच तोलाचे एक आहे. सेल्टाच्या प्रवेशास पदवी लागत नाही. वय अठराच्या पुढे असावे, उच्च शिक्षणास प्रवेश मिळण्याइतके शिक्षण झालेले असावे, आणि इंग्रजीवर चांगले प्रभुत्व असावे. मुलाखत आणि लेखी चाचणी घेऊनच प्रवेश देतात. अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे एकूण सहा तास शिकवावे लागते आणि परीक्षक मागे बसून ते पाहतो. चार लेखी निबंध असतात ते वेगळेच. त्याची फी लहान नाही. परंतु घरबसल्या चार दिवसांत मिळणारी रंगीत प्रमाणपत्रे आणि हे प्रमाणपत्र यांत अंतर आहे ते या सहा तासांचे. ज्या प्रमाणपत्रासाठी एकदाही फळ्यापुढे उभे राहावे लागले नाही, ते अध्यापनाचे प्रमाणपत्र कसले?

मात्र हेही ध्यानात ठेवावे की, प्रमाणपत्र पदवीच्या जागी बसत नाही. जेथे कायदा पदवी मागतो तेथे पदवीच द्यावी लागते. म्हणून ज्यास खरोखर जावयाचे आहे त्याने पदवी घ्यावी. आणि ती आज घेता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ त्याहून चार वर्षांनी जुने. नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून तेथे पदवी मिळते. दूरशिक्षणाची पदवी मानण्यास काही देश का-कू करतात, म्हणून हव्या त्या देशाचा नियम आधी विचारून घ्यावा. आणि विकत मिळणाऱ्या पदवीच्या वाऱ्यासही उभे राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, ती पाहावी. परदेशी पाठवावयाच्या कागदांची आधी राज्यात पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. खोटा कागद या चाळणीतून सहसा सुटत नाही, आणि चुकून सुटला तरी तो आयुष्यभर उशाशी ठेवलेल्या निखाऱ्यासारखा असतो.

आता पासपोर्टाविषयी एक गोष्ट सांगतो. ती विशेषतः आमच्यासारख्या मॅट्रिक मंडळींच्या कामाची आहे. १९८३ च्या कायद्याप्रमाणे, जो मॅट्रिक नाही तो ठराविक अठरा देशांत नोकरीस निघाला तर सरकारी अधिकारी त्याचा करार तपासतो, पगार व राहण्याची सोय पाहतो आणि मगच त्यास जाऊ देतो. मॅट्रिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्यास मात्र ही तपासणी लागत नाही. मॅट्रिकच्या दाखल्यास अजून केवढा मान आहे, असे वाटून आम्हांस क्षणभर अभिमान वाटला. मग ध्यानात आले की, या मानास दुसरीही बाजू आहे. शिकलेला माणूस आपला करार आपण वाचील, असे सरकारने गृहीत धरले आहे; आणि आमची शिकलेली मुले तोच करार न वाचता सही करतात! ज्याची तपासणी सरकार करीत नाही त्याने ती स्वतः करावयाची असते.

ती कशी करावी? परदेशी नोकरीस पाठविणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. नोंदलेल्यांची यादी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेत पाहावयास मिळते. अशा एजंटास सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. जो लाखांची भाषा बोलतो आणि पावतीचे नाव काढताच चिडतो, त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नये. नोकरीसाठी निघालेल्या माणसास प्रवासी व्हिसावर पाठवून ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगणारा तर सरळ खड्ड्यात लोटीत असतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयास तरुणांसाठी जाहीर इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून शिकलेल्या मुलांस म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तेथे डांबून ठेवून त्यांच्याकडून ठकबाजीची कामे करून घेतली जात होती. कंबोडियातही असे अनेक भारतीय अडकले होते. त्यांस सोडविण्याचे प्रयत्न आपल्या वकिलातींस करावे लागले. मॅक्डॉनल्डच्या कोठडीपुढे निदान चौदा शिष्य तरी बसत होते.

येथवर कागदांविषयी बोललो. आता अध्यापनाविषयी बोलू द्यावे, कारण अखेर आम्ही शिक्षक आहोत. २००० सालच्या जूनमध्ये महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोपर्यंत ते पाचवीपासून असे. एका पावसाळ्यात आमच्यासारख्या शेकडो मॅट्रिक गुरुजींवर सहा वर्षांच्या मुलांस इंग्रजी शिकविण्याची पाळी आली. आम्ही घाबरलो होतो. आमचे उच्चार गावठी आणि व्याकरण पाठ केलेले. हळूहळू एक गोष्ट कळली. जो भाषा कष्टाने शिकला आहे त्यास मूल कोठे अडखळणार हे आधीच ठाऊक असते, कारण त्याच दगडावर तो स्वतः ठेचाळलेला असतो. इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू यांचा उच्चार आपण एकच ‘व’ करतो. तेव्हा एकास ओठ दातांस लावावा आणि दुसऱ्यास ओठांचा चंबू करावा, हे आम्ही मुलांस आरसा दाखवून शिकविले. नामापूर्वी येणारी ‘अ’ आणि ‘द’ ही छोटी उपपदे मराठीत नाहीत, म्हणून मुले ती गाळतात. त्यांचा आम्ही खेळ केला.

जपानी मुलांस ‘ल’ आणि ‘र’ यांतील भेद अवघड जातो. मॅक्डॉनल्डलाही त्याच्या शिष्यांत हाच अनुभव आला होता. त्यांच्या भाषेत अ, इ, उ, ए, ओ असे पाचच मूळ स्वर आहेत. मराठी माणसाच्या जिभेवर ल, ळ, र तिन्ही नांदतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर तर आपण इंग्रजी शब्दांसाठीच लिपीत घेतले. तेव्हा परक्या मुलांस शिकविण्यास आपला मुलगा जन्मतः नालायक, असे मुळीच नाही. परंतु लायकी म्हणजे तयारी नव्हे. ‘मला इंग्रजी येते’ आणि ‘मला इंग्रजी शिकविता येते’ या दोन वाक्यांत काही वर्षांचे कष्ट आहेत. हर्न यांचे मोठेपण इंग्रजी येण्यात नव्हते. ते जहाजावरच्या खलाशांसही येत होते. त्यांचे मोठेपण होते ते मुलास वहीत उतरविता येईल इतके सावकाश बोलण्यात.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. होय, आम्हांस पदवीवाचून शाळेत घेतले. कारण आमच्या वेळी त्या नोकरीस जेवढे शिक्षण लागे तेवढे आम्ही खरोखर घेतले होते. कागद लहान होता, पण खोटा नव्हता. तुमच्या मुलासही लहान कागदावर जाता येईल. अट एवढीच की, त्यावरील प्रत्येक अक्षर त्याने जगलेले असावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. त्याच्याच संमतीने सांगतो. नाव सांगणार नाही. नियम वाचल्यावर आम्ही त्याच्या घरी निरोप पाठविला. वडील आले नाहीत, मुलगा आला. आम्ही प्रथम त्याची क्षमा मागितली आणि मग नियम त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि इतकेच म्हणाला, “तीन वर्षे मला जमतील, गुरुजी.” तालुक्याच्या गावी एका लहानशा खासगी वर्गात त्यास इंग्रजी शिकविण्याची नोकरी मिळाली. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्यास पावतीसह मिळतो. रविवारी तो आमच्याकडे येऊन आपल्या आठवड्याच्या पाठांची टिपणे दाखवितो. मुक्त विद्यापीठात त्याने नाव घातले आहे. पहिले वर्ष पुरे झाले; दोन राहिली. तो जपानात जाईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. परवाना देणे त्या सरकारच्या हाती आहे, आणि तेथील संस्थेने त्यास पसंत करावे लागेल. परंतु मध्यंतरी एकदा तो म्हणाला, “गुरुजी, पहिल्या महिन्यात मला वर्गात दहा मिनिटे बोलता येत नव्हते. तेव्हा जपानला गेलो असतो तर काय झाले असते?” हा प्रश्न ज्यास पडला तो शिक्षक झाला, असे आम्ही समजतो.

अखेरीस मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. आपल्या शिक्षणनिधीतून आपण कॉलेजच्या फीसाठी कर्ज देतो. तसेच ते अध्यापनाच्या मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासाठी आणि मुक्त विद्यापीठाच्या फीसाठीही द्यावे. आज एजंटाच्या हाती जाणारे घरचे सोने त्यामुळे वाचेल. दुसरी सूचना अशी की, परदेशी नोकरीस निघालेल्या प्रत्येकाचा करार व एजंटाची नोंद पाहून देण्यासाठी तीन जाणत्या सभासदांची एक समिती असावी, आणि कराराची एक प्रत मंडळाच्या कपाटात राहावी. तिसरी सूचना पैशाची नाही. ज्ञातीतील कोणी मुख्याध्यापक, कारखानदार किंवा दुकानदार यांनी कोणासही न केलेल्या कामाचे पत्र देऊ नये. परंतु ते नाकारताना त्या मुलास खरे काम मात्र द्यावे. नुसता नकार देऊन दार लावणे ही आमची चूक होती. ती आपण पुन्हा करू नये.

ते गृहस्थ आज या सभेत आहेत किंवा नाहीत, हे आम्ही मुद्दाम पाहिलेले नाही. ज्ञाती लहान आहे, ओळखणारे ओळखतील. म्हणून एवढे सांगतो की, या हकिकतीत त्या घराचा काहीही कमीपणा नाही. मुलाच्या भल्यासाठी बाप कोठेही हात जोडतो. त्यात लाज कसली? कमीपणा असेल तर तो पाहुण्यास पाठ देणाऱ्या मास्तराचा. आमच्या घरचा चहा त्यांनी त्या दिवशी तसाच ठेवला होता. तो घेण्यास त्यांनी एकदा यावे, अशी या व्यासपीठावरून विनंती करतो.